पिशवी तपासली, माणसाचे काय?

कोल्हापुरात कोणाला कावीळ झाली की पहिला संशय पाण्यावर जातो, आणि त्या संशयाला इतिहास आहे. १९८१ साली शहरात काविळीची साथ आली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी इथल्या रुग्णांचे रक्त तपासले. हा हिपॅटायटिस ए नव्हे आणि बीही नव्हे, असे त्यांना आढळले. साथ पाण्यातून पसरली होती, पण तिच्या विषाणूला तोवर नावही मिळालेले नव्हते. 'ए नाही, बी नाही' एवढीच त्याची ओळख. पुढे तो हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला आणि १९९० च्या दशकात त्याची चाचणी हाती आल्यावर देशातल्या अशा बहुतेक जुन्या साथी त्याच्याच नावावर जमा झाल्या. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच ई विषाणूने हजारो लोकांना आजारी पाडले, काहींचे जीव गेले. म्हणून या जिल्ह्यात कावीळ म्हणजे पंचगंगेचे प्रदूषण, फुटकी पाइपलाइन आणि 'पाणी उकळून प्या' हे समीकरण पक्के बसले आहे. हिपॅटायटिस बी या समीकरणात कुठेच बसत नाही. तो पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाकडे येतो, डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षे यकृतात राहतो, आणि माणूस कामाधंद्याला जात असतानाच सिऱ्हॉसिस किंवा यकृताच्या कर्करोगापर्यंत पोहोचवतो. तो आहे की नाही हे सांगायला रक्ताच्या चाचणीशिवाय दुसरे साधन नाही. १९८१ मध्ये संशोधकांना 'बी नाही' असे ठामपणे म्हणता आले, कारण बीची चाचणी तोवर तयार झालेली होती.

ही चाचणी आता पुढे कोणत्या दिशेने न्यायची, यावर दोन मते आहेत. चाचणी आणखी बारीक करा, रक्ताच्या पिशवीतला एकही विषाणू निसटू देऊ नका, हे एक मत. आहे ती चाचणी आणखी लांब न्या, आणि ज्याच्यात विषाणू सापडला त्या माणसापर्यंत निकाल पोहोचवा, हे दुसरे. दोन्हीकडे कळकळ आहे आणि पैसा मात्र एकच आहे, म्हणून वाद खरा आहे. पहिले मत रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत जास्त ऐकू येते, दुसरे प्रसूती विभागात आणि उपकेंद्रांवर. लेखाच्या सोयीसाठी पहिल्याला डॉक्टर आणि दुसऱ्याला सिस्टर म्हटले आहे. ही माणसे नव्हेत, मते आहेत. त्यांच्या बोलण्यात मी मध्येमध्ये माझे मत घालणार आहे आणि ते कोणत्या बाजूला झुकते हे लपवणार नाही.

डॉक्टर : सिस्टर, या चाचणीची सगळी वाटचालच बारकाईकडे झाली आहे. ती मध्येच थांबवा, असे कसे म्हणता येईल? साठच्या दशकाच्या सुरुवातीला बारूक ब्लुमबर्ग हे अमेरिकन संशोधक काविळीच्या मागे नव्हतेच. रक्तातली प्रथिने माणसागणिक कशी वेगळी असतात, एवढे त्यांना पाहायचे होते. ज्यांना वारंवार रक्त चढवले जाते त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असणार, म्हणून त्यांनी अशा रुग्णांचे सीरम घेतले आणि जगभरातून जमवलेल्या नमुन्यांसमोर लावून पाहिले. काचेवर अगारचा पातळ थर, थरात छोटे खळगे, एका खळग्यात हे सीरम आणि दुसऱ्यात ते. दोन्ही थरातून एकमेकांकडे झिरपत जातात आणि जुळणारे काही भेटले की मध्ये पांढरट रेघ उमटते. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचे सीरम ऑस्ट्रेलियातल्या एका मूलनिवासी माणसाच्या सीरमशी असे जुळले. हार्वी आल्टर यांच्याबरोबर त्यांनी १९६५ मध्ये ते प्रसिद्ध केले. तोच ऑस्ट्रेलिया अँटिजेन, आपला आजचा एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे प्रथिन. पण ती रेघ उमटायला अँटिजेन भरपूर लागायचे. थोडे असले की निसटायचे. म्हणून किरणोत्सारी खुणेची चाचणी आली, १९७१ मध्ये स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये एलायझाची पद्धत तयार झाली, मग प्रकाश मोजणारी यंत्रे आली, आणि आता नॅट, जी थेट विषाणूचा डीएनएच शोधते. लागण झाल्यावर एचबीएसएजी दिसायला पाच आठवड्यांच्या आसपास वेळ जातो. नॅट एकेका दात्यावर केली तर तो काळ तीन आठवड्यांवर येतो. भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बारा हजारांहून थोड्या अधिक नमुन्यांपैकी आठ असे निघाले, की नेहमीच्या चाचणीत ते स्वच्छ होते आणि नॅटमध्ये सापडले. त्यांतले सहा हिपॅटायटिस बीचे. एका पिशवीचे आपण तांबड्या पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे भाग करतो. म्हणजे एक पिशवी तीन रुग्णांना जाते. ही चाचणी आपल्याकडे अजून सक्तीची नाही, याचीच मला खंत आहे.

सिस्टर : सर, इतिहास तुम्ही बरोबर सांगितला, पण त्यातली एक बाई गाळली. ऑस्ट्रेलिया अँटिजेन सापडले तेव्हा ते कशाचे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असावा, असाही तर्क झाला होता. काविळीशी नाते जुळले ते १९६७ च्या सुमारास. फिलाडेल्फियात ब्लुमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बार्बरा वर्नर या तंत्रज्ञ आजारी पडल्या, आणि हिपॅटायटिसच्या शंकेने त्यांनी स्वतःचेच सीरम अगारच्या थरात लावले. रेघ उमटली. आधीच्या तपासण्यांमध्ये त्यांच्या रक्तात हे अँटिजेन नव्हते. या चाचणीने ओळखलेला हा पहिला विषाणूजन्य हिपॅटायटिस. पुढे त्या पूर्ण बऱ्या झाल्या. म्हणजे बघा की, या चाचणीने पहिल्यांदा पकडला तो आजार माणसाचा होता, पिशवीचा नव्हता. तिचा निकाल त्याच माणसाला कळला आणि त्याच्याच उपयोगी पडला. आपण मात्र ती रक्तपेढीत नेली आणि निकाल पिशवीवर चिकटवला. पिशवी रिअ‍ॅक्टिव्ह निघाली की नष्ट करायची, नोंद करायची, आणि ज्याच्या दंडातून ती भरली तो माणूस प्रमाणपत्र आणि बिस्किटाचा पुडा घेऊन केव्हाच घरी गेलेला असतो.

इथे डॉक्टरांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रक्तपेढीतली बारकाई ही हौस नव्हे. एलायझाची प्लेट जवळून पाहिली की कळते, एवढ्याशा जागेत किती काळजी भरलेली असते. प्लास्टिकच्या तळहाताएवढ्या ताटलीत शहाण्णव खळगे असतात आणि प्रत्येकाच्या तळाला एचबीएसएजी पकडणाऱ्या अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. दात्याच्या सीरमचा मोजून घेतलेला अंश खळग्यात पडतो. अँटिजेन असेल तर तळाला अडकते, नसेल तर धुण्यात वाहून जाते. मग एन्झाइम जोडलेल्या दुसऱ्या अँटिबॉडी येतात, पुन्हा धुणे होते, आणि रंग देणारे द्रावण पडले की ज्या खळग्यात अँटिजेन अडकले आहे तिथे निळा रंग चढतो. आम्लाचा थेंब टाकून क्रिया थांबवली की निळ्याचा पिवळा होतो आणि यंत्र त्या पिवळेपणाची तीव्रता मोजते. धुणे नीट झाले नाही तर निरोगी दाता पॉझिटिव्ह दिसू शकतो. किट थंड साखळीतून बाहेर राहिले तर बाधित दाता निगेटिव्ह. हे काम रोज, प्रत्येक प्लेटवर, ज्ञात पॉझिटिव्ह आणि ज्ञात निगेटिव्ह नमुने सोबत लावून करावे लागते. थॅलेसेमियाच्या ज्या मुलाला दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, त्याच्या आईला सरासरीचे आकडे सांगून समाधान होणार नाही. तिच्या मुलाला मिळणारी प्रत्येक पिशवी स्वच्छ हवी. या मुलांसाठी नॅट हवी, हे मी कोणतीही अट न घालता मान्य करतो.

पण बारकाईनेच सगळे साधले, हा डॉक्टरांच्या इतिहासातला धागा पुराव्याला धरून नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आल्टर यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. रक्त चढवल्यावर हिपॅटायटिस होणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला शंभरांत तीसहून अधिक होते. १९७० च्या सुमारास ते दहाच्या आसपास घसरले. त्या वेळी हातात होती ती जुनी, अर्धवट पकडणारी चाचणी, आज कोणतीही रक्तपेढी जिच्यावर विसंबणार नाही. मग एवढी घसरण कशामुळे? तेव्हाच त्या संस्थेने पैसे घेऊन रक्त देणारे दाते बंद करून फक्त स्वेच्छेने देणाऱ्यांचे रक्त घ्यायला सुरुवात केली होती, आणि घसरणीचा मोठा वाटा या बदलाचा होता. चाचणी आली आणि रक्त कोणाचे घ्यायचे हेही बदलले. आपल्याकडे हा धडा न्यायालयामार्फत आला. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले. आज कोल्हापुरात तालमी, गणेश मंडळे, महाविद्यालये, शाहू जयंतीचे कार्यक्रम यांतून जे रक्त येते ते स्वेच्छेचे आहे, आणि रक्तसुरक्षेतले त्याचे मोल कोणत्याही यंत्राहून कमी नाही. ज्यांच्या जिवावर ही सुरक्षितता उभी आहे, त्यांच्याच रक्तात काही सापडले तर त्यांना ते कळते का, हा सिस्टरांचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येत नाही.

सिस्टर : आणि सर, तुमचाच आकडा घ्या. बारा हजारांत सहा पिशव्या निसटल्या म्हणता. देशभरातून घेतलेल्या नमुन्यांच्या राष्ट्रीय पाहणीत एचबीएसएजी असलेल्यांचे प्रमाण शंभरांत एकाच्या जवळ, ०.९५ टक्के निघाले आहे. त्या हिशोबाने बारा हजार माणसांत शंभराहून जास्त जण तुमच्या साध्या एलायझातच सापडतात. निसटलेल्या सहांसाठी कोट्यवधींचे यंत्र हवे, हे मला समजते. सापडलेल्या शंभरांसाठी एक माणूस, एक फोन आणि एक बंद खोली मिळत नाही, हे समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये जगात पंचवीस कोटींहून अधिक लोकांना हा दीर्घकाळचा संसर्ग होता आणि त्यांपैकी शंभरांत तेराच जणांचे निदान झाले होते. भारतात अशी माणसे तीन कोटींच्या घरात. त्यांना शोधायचे म्हणून आपण वेगळी मोहीम काढणार, आणि जी आधीच सापडली आहेत ती रजिस्टरात तशीच ठेवणार?

डॉक्टर : रजिस्टरात ठेवतो ते आळसाने नव्हे. सांगण्याचे परिणाम मी पाहतो म्हणून ठेवतो. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे रोग नव्हे. बोटाच्या टोकाचे रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी जी कार्डाची चाचणी तुम्ही गावोगाव न्यायची म्हणता तिचा हिशोब करा. अशा कार्डांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की ती शंभर बाधितांतले नव्वद पकडतात आणि हजार निरोगी माणसांतल्या पाचांना चुकीने पॉझिटिव्ह ठरवतात. चाचणी चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण हजार लोक तपासले आणि त्यांत दहा बाधित असले, तर नऊ खरे आणि पाच खोटे, असे चौदा पॉझिटिव्ह हातात येतात. म्हणजे तिघांतला एक निरोगी माणूस रात्रभर झोपणार नाही. नुकतीच लस घेतलेल्याच्या रक्तातही काही दिवस अँटिजेन दिसू शकते, कारण लस त्याच अँटिजेनची असते. आणि खरोखर बाधित असला तर? आखाती देशांच्या व्हिसासाठीच्या तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला की माणूस अपात्र. लग्न ठरलेले मोडते. तालमीत कळले तर त्याच्याशी कोणी जोड धरणार नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा तरी आहे. हिपॅटायटिस बीवाल्याला कोणता? बरे, एवढे सगळे भोगून त्याला मिळणार काय? विषाणू शरीरातून पूर्ण काढणारे औषध आपल्याकडे नाही. आणि 'रक्त दिले की भलतेच काहीतरी निघते' अशी बोलवा झाली तर पुढच्या शिबिराला येणार कोण?

हे आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांना एकाच झटक्यात उत्तर नाही. खोट्या पॉझिटिव्हचा मुद्दा घ्या. डॉक्टरांचे गणित अचूक आहे, पण ते सांगण्याच्या विरोधात जात नाही, घाईने सांगण्याच्या विरोधात जाते. पहिला निकाल रिअ‍ॅक्टिव्ह आला की त्याच नमुन्यावर दुसऱ्या पद्धतीने खात्री करणे, मग माणसाला बोलावून नवा नमुना घेणे, आणि सहा महिन्यांनीही अँटिजेन टिकले तरच संसर्ग दीर्घकाळचा म्हणणे, असा क्रम ठरलेला आहे. प्रौढ वयात लागण झालेल्यांपैकी शंभरांत पंचाण्णवांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो, म्हणूनच सहा महिन्यांची अट आहे. नवजात बाळाचे उलटे असते: जन्मावेळी लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो. (काविळीवर माळ घालणाऱ्यांना आणि झाडपाला देणाऱ्यांना जे यश मिळते ते याच आकड्यांतून आलेले आहे. ई विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, प्रौढांची बीचीही बहुधा उतरते, आणि श्रेय माळेला जाते. ज्या पाचांच्या यकृतात विषाणू राहिला ते पिवळे दिसत नाहीत म्हणून बरे झाले असे समजले जातात. चाचणी केल्याशिवाय हे पाच कोण, हे माळ घालणाऱ्यालाही कळत नाही आणि त्यांनाही नाही.)

उपचार नाही, हा डॉक्टरांचा मुद्दा मात्र जुना झाला आहे. विषाणू समूळ काढता येत नाही, हे खरे. पण टेनोफोविर किंवा एन्टेकॅविरची रोजची एक गोळी त्याची वाढ रोखते आणि यकृताची हानी थांबवते. ती सगळ्यांना लागत नाही. कोणाला लागते हे यकृताच्या तपासण्या आणि विषाणूचे प्रमाण पाहून ठरते, आणि ज्यांना लागत नाही त्यांनाही ठरावीक काळाने तपासत राहावे लागते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या आणि औषधे मोफत आहेत. ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस २८ जुलैचा, जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात तोही तोच. निकाल दडवल्याने या माणसाचे यकृत सुरक्षित राहत नाही. तो दारू सोडत नाही, कारण सोडायचे कारण त्याला माहीत नसते. बायकोला लस देत नाही, भावंडांना तपासत नाही, आणि दंतवैद्याकडे गेल्यावर काही सांगत नाही. आखाताच्या व्हिसाची तपासणी तर तशीही होणारच असते. तिथे, परक्या खोलीत, एजंटाकडून कळण्यापेक्षा आपल्या गावात, समजावून सांगणाऱ्या माणसाकडून आधी कळलेले केव्हाही बरे. भेदभावाविरुद्ध कायद्याचे संरक्षण अपुरे आहे, हे डॉक्टर म्हणतात ते शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणून मागणी करायची ती तशा संरक्षणाची. एचआयव्हीच्या कायद्यात गोपनीयतेची आणि नोकरी-शिक्षणातल्या भेदभावाविरुद्धची जी तरतूद आहे, ती हिपॅटायटिस बीला लागू न होण्यामागे कोणतेही वैद्यकीय कारण मला दिसत नाही.

तालमीची गोष्ट कोल्हापुरात टाळून चालणार नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. कुस्तीत अंग खरचटते, रक्त येते, आणि हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. जपानमधल्या एका शाळेच्या सुमो क्लबमध्ये अशी लागण एका बाधित मल्लाकडून इतरांना झाल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. अशी उदाहरणे जगात मोजकी आहेत. त्यांवरून बाधित मल्लाला आखाड्याबाहेर काढा, असे निघत नाही. जखम झाली की कुस्ती थांबवा, जखम झाका, हौदावर येणाऱ्या प्रत्येक पोराला लसीचे तीन डोस द्या, एवढेच त्यातून निघते. लस घेतलेला मल्ल आणि बाधित मल्ल एकत्र लढू शकतात. पण ज्याच्या रक्तात काय आहे हे त्यालाच ठाऊक नाही, त्याच्यापासून जपायचे कसे? भीती घालवायची तर लपवालपवी थांबायला हवी. शिबिरांना माणसे येणार नाहीत, ही भीतीही मला उलटी वाटते. आपल्या तब्येतीची काळजी रक्तपेढी घेते, असे दात्याला दिसले तर तो पुन्हा येईल. पुढे नियमाने त्याचे रक्त घेता येत नसेल, तरी तो आपल्या भावाला पाठवेल.

डॉक्टर : मान्य, सांगायला हवे. पण सिस्टर, तुम्ही जी चाचणी लांब न्या म्हणता ती कशाच्या बदल्यात? पैसे एकाच खिशातून जातात. आणि आता बाळांना लस मिळतेच. एक पिढी थांबा, हा रोग आपोआप संपेल.

सिस्टर : तुमच्या रक्तपेढीत आज येणारा दाता अठराच्या पुढचा असतो, सर. बाळांचे हे लसीकरण देशभर पोहोचले २०११-१२ मध्ये. म्हणजे आज रक्त देणारी बहुतेक सगळी पिढी त्याच्या आधी जन्मलेली आहे. आणि आज ज्या बायका बाळंत होतायत त्याही त्याच पिढीतल्या. ज्या आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण जास्त आहे, तिच्या बाळाला काहीच दिले नाही तर दहांपैकी सात ते नऊ वेळा लागण होते. बाळाला पहिली लस चोवीस तासांच्या आत लागते, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोबुलिनचे इंजेक्शनही. काही आयांना शेवटच्या तीन महिन्यांत गोळी द्यावी लागते. हे सगळे कधी करता येते? आईची चाचणी आधी झालेली असेल तरच. तैवानने १९८४ मध्ये हेच केले. पहिली दोन वर्षे त्यांनी सरसकट लसही दिली नाही. गरोदर बायांची एचबीएसएजी चाचणी केली आणि पॉझिटिव्ह आयांच्या बाळांना आधी लस दिली, मग सगळ्यांना. तैपेईतल्या मुलांत या विषाणूचे प्रमाण शंभरांत दहाच्या जवळ होते, दहा वर्षांत ते दीडच्या खाली आले. पुढे मुलांमधला यकृताचा कर्करोगही कमी झाला. १९८४ मध्ये त्यांच्याकडे नॅट नव्हती. गगनबावड्याच्या उपकेंद्रावर तुमचे नॅटचे यंत्र जाणार नाही, पण बोटाच्या टोकाचे रक्त घेणारे कार्ड जाईल. एक थेंब, पंधरा-वीस मिनिटे, दोन रेघा की एक. पॉझिटिव्ह आली तर खाली कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवून खात्री करता येईल. मी एवढेच मागते.

तैवानचे उदाहरण माझ्या मते या वादात निर्णायक आहे. चाचणी मोठ्या प्रमाणावर, ठरलेल्या वेळी आणि पुढच्या कृतीशी जोडून केली, तर मध्यम प्रतीची चाचणीही एका पिढीचे यकृत वाचवू शकते. पुढच्या कृतीशी जोडलेली नसेल, तर कितीही बारीक चाचणी एका पिशवीपुरती उरते. नॅट नको, असा याचा अर्थ नाही. पैसा मर्यादित असताना क्रम काय लावायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि माझा क्रम असा: प्रत्येक गरोदर बाईची पहिल्या तीन महिन्यांत एचबीएसएजी चाचणी आणि बाळाला जन्मतः लस, मग रिअ‍ॅक्टिव्ह निघालेल्या प्रत्येक दात्याची खात्रीची तपासणी, त्याच्याशी खासगीत बोलणे आणि उपचार केंद्राशी त्याची गाठ घालून देणे, मग वारंवार रक्त लागणाऱ्या मुलांसाठी नॅट तपासलेले रक्त, आणि सरसकट नॅट त्यानंतर. यातली दुसरी पायरी सर्वांत स्वस्त आहे, कारण चाचणी आधीच झालेली आहे आणि तिचा खर्च रक्तपेढीने आधीच केलेला आहे. उरते ते माणसाला शोधून काढून त्याच्याशी बोलण्याचे काम, आणि त्यासाठी शिकलेला समुपदेशक लागतो. बोलावलेले सगळे येत नाहीत, हे रक्तपेढीत काम करणारा कोणीही सांगेल. न येण्यामागे बहुतेक वेळा भीती असते, पण कित्येकदा कारण अगदीच साधे असते: फॉर्मवर लिहिलेला नंबर मंडळाच्या कार्यकर्त्याचा असतो, किंवा बंद पडलेला, किंवा घाईत एक आकडा चुकलेला.

म्हणून शिबिर घेणाऱ्या मंडळांना आणि तिथे दंड पुढे करणाऱ्यांना विनंती. रक्तदानाच्या फॉर्मवर, तपासणीत काही आढळले तर तुम्हाला कळवावे का, असे विचारलेले असते. तिथे 'हो' लिहा. नंबर स्वतःचा, चालू असलेला द्या, आणि रक्तपेढीचा फोन आला तर एकटे जाऊन निकाल समजून घ्या, खात्रीची चाचणी होईपर्यंत कोणाला काही सांगायची गरज नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या फाइलमध्ये एचबीएसएजीचा रिपोर्ट आहे का ते आजच बघा. नसेल तर पुढच्या तपासणीला तो मागून घ्या, आणि बाळ झाल्यावर हिपॅटायटिस बीची पहिली लस चोवीस तासांच्या आत दिली का, हे वॉर्डातून बाहेर पडण्याआधी विचारा.